आमचा टीव्ही ओमानात राहतो

‘हे ॲप तुमच्या भागात उपलब्ध नाही.’

टीव्हीनं हे वाक्य मला पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा मी खुर्चीत ताठ बसलो. वाक्य इंग्रजीत होतं, पण अपमान कळायला भाषांतर लागत नाही. आमच्या भागात म्हणजे? रत्नागिरी हे जिल्ह्याचं ठिकाण आहे. इथे बंदर आहे, तुरुंग आहे, रेल्वे आहे. इंग्रजांनी ब्रह्मदेशचा राजा पकडला, तेव्हा त्याला आणून ठेवायला अख्ख्या साम्राज्यात त्यांना आमचंच गाव सापडलं. ज्या गावात राजा उपलब्ध होता, तिथे एक ॲप उपलब्ध असू नये?

“अहो, राहू दे ना,” आतून बायको म्हणाली. “मोबाईलवर दिसतंय की.”

“मोबाईलवर काय कोणीही बघेल,” मी म्हटलं.

माझ्या बायकोचं नाव दीपाली. माहेर केळशीचं. तिच्या हातच्या खापरोळ्या, म्हणजे जाड, जाळीदार घावन नारळाच्या गोड रसात बुडवून खायचे, ज्यांनी खाल्ल्यात ते तिच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. ‘घरोबा’ नावाच्या एका ॲपवर ‘चव आमच्या दारची’ असा स्वयंपाकाच्या स्पर्धेचा कार्यक्रम लागतो. आमच्या मुलीनं, मनस्वीनं, पुण्यात बसून आईचं नाव परस्पर पाठवलं आणि दीपालीची निवड झाली. माहेरचा बिडाचा तवा आणि नारळाची गोणी घेऊन ती मुंबईला जाऊन आली. तो भाग येत्या रविवारी सकाळपासून दिसणार होता. ॲप वर्गणीचं, पण भाग घेणाऱ्यांना त्यांनी एका मोबाईलपुरतं फुकट दिलं होतं.

एवढ्यावर गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण सोमवारी सकाळी दूध आणायला गेलो असताना समोरच्या लवूनानांनी विचारलं, “काय पावसकर, वहिनी टीव्हीवर येणार म्हणे?” आणि मी, बायकोचा अभिमान असलेला कुठलाही नवरा जे बोलेल ते बोललो.

“रविवारी संध्याकाळी सगळे आमच्याकडेच या. मोठ्या पडद्यावर बघू.”

लवूनाना एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांना काही सांगणं म्हणजे स्टँडवरच्या भोंग्यातून सांगणं. दुपारपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं.

मोठा पडदा आमच्याकडे होता हे खरं. तो आमच्या शेजारच्या फारुकभाईंचा. फारुकभाई मस्कतला एसीच्या कंपनीत होते. कायमचे परत आले तेव्हा येताना त्यांनी एक टीव्ही आणला. तो इतका रुंद, की त्यांच्या हॉलमध्ये लावायचा तर एक खिडकी कायमची बंद करावी लागली असती. त्यांच्या बायकोनं, साबेराभाभींनी, टीव्ही आणि वारा यांच्यात वारा निवडला. मग फारुकभाईंनी तो मला दिला, पण मुलगी दिल्यासारखा. अजूनही ते आमच्याकडे आले की आधी टीव्हीकडे बघतात, मग माझ्याकडे. बातम्या आम्ही त्याच्यावर नेहमीच्या डब्यातून बघायचो आणि सगळं सुखात चाललं होतं. टीव्हीच्या अंगात ॲप नावाचा प्रकार असतो हे आम्हाला या निमित्तानंच कळलं.

मंगळवारी मी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. कंपनीचं नाव सांगत नाही. फारुकभाईंना वाईट वाटेल.

“सर, आपला प्रॉब्लेम मी समजू शकते,” एक मुलगी म्हणाली. मी अजून तो सांगितलेला नव्हता. सांगितल्यावर तिनं टीव्हीच्या पाठीवरचा नंबर मागितला. पाठीवरचा नंबर वाचण्यासाठी मला भिंत आणि टीव्ही यांच्यामध्ये डोकं घालावं लागलं. ते गेलं. बाहेर काढायला दीपालीला बोलवावं लागलं.

“सर, आपला सेट ओमानमध्ये आहे,” मुलगी म्हणाली.

“सेट माझ्यासमोर आहे. मी रत्नागिरीत आहे.”

“सर, सिस्टिमला ओमान दिसतंय. भारतातली ॲप तिकडच्या सेटला मिळत नाहीत.”

“मग तक्रार लिहून घ्या.”

“ओमानच्या सेटची तक्रार इथे नोंदवता येत नाही, सर. आपण सेट घेऊन जवळच्या सर्व्हिस सेंटरला जाऊ शकता का? पत्ता देते.” आणि तिनं मला मस्कतचा पत्ता दिला.

मी सरकारी नोकरीत आयुष्य घालवलेला माणूस. तिचं उत्तर इतकं नियमाला धरून होतं, की रागाबरोबर मला तिच्याबद्दल थोडा आदरही वाटला.

आपल्याकडे टीव्ही बिघडला की तो घरचा राहत नाही, सार्वजनिक होतो. बुधवारपासून लोक येऊ लागले. लवूनानांनी टीव्हीच्या कडेवर दोन ठिकाणी टिचक्या मारल्या, कान लावला आणि निदान केलं, “अर्थिंग. तुमच्या घराचं अर्थिंगच बरोबर नाही.” मी म्हटलं, टीव्ही चालू आहे, फक्त ॲप येत नाही. ते म्हणाले, “तेच ते. अर्थिंग नसलं की असंच होतं.” पलीकडच्या गोदूबाई काठी टेकत आल्या आणि टीव्हीकडे बराच वेळ बघून म्हणाल्या, “मेल्याला नजर लागली हाय. एवढा मोठा कशाला आणायचा?” आणखी एकांनी राऊटर उंचावर ठेवायला सांगितलं. घरात उंच आणि मोकळी जागा एकच, देव्हाऱ्याचा माथा. तिथे तो बसवला. संध्याकाळी दिवा लावायला गेलेली दीपाली माझ्याकडे एवढंच बघून म्हणाली, “आता ह्यालाही हळदकुंकू वाहू का?”

फारुकभाई मात्र दुखावले होते. “मस्कतला ह्याच्यावर सगळं दिसायचं, पावसकर. सगळं! टीव्हीत खोट नाय.” यात ‘खोट तुमच्यात आहे’ हे त्यांनी सभ्यपणानं गाळलं.

शेवटी मनस्वीला फोन केला. “मनू, ओमानमधला टीव्ही भारतात कसा आणायचा?”

“फॅक्टरी रिसेट करा बाबा. सगळं पुसलं जाईल आणि पहिल्यापासून विचारेल, देश कुठला ते. तेव्हा भारत सांगा.”

मी रिसेट केलं. पडदा काळा झाला, पुन्हा उजळला, आणि सगळा टीव्ही अरबीत बोलू लागला. उजवीकडून डावीकडे. रिमोटचं डावं बटण दाबलं तर खूण पुढे जायची, उजवं दाबलं तर मागे. माझा आत्मविश्वास तसाही मागेच चालला होता.

तातडीनं फारुकभाईंना बोलावलं. ते आले, चष्मा लावला, पडद्यासमोर उभे राहिले आणि घसा खाकरून म्हणाले, “बोलायला येतं मला. फर्स्ट क्लास येतं. वाचायला नाय.”

“एवढी वर्षं तिकडे काढलीत ना?”

“एसी रिपेअर करायचो. एसीवर काय कविता लिहिलेली असते?”

मग साबेराभाभींना हाक गेली. त्या हात पुसत आल्या. अक्षरं ओळखीची, त्यामुळे आधी खूश झाल्या आणि मग नाराज. “ह्यांना जेर-जबर कुठायत? कुराण शरीफात प्रत्येक अक्षराला कशी खूण असते. ह्यांनी नुसतीच अक्षरं लिवून ठेवलीत. कोणी कसं वाचायचं?”

“तू अक्षरं वाच,” फारुकभाई म्हणाले. “अर्थ मी लावतो.”

अशी आमची साखळी तयार झाली. भाभी वाचणार, फारुकभाई अर्थ लावणार, मी बटण दाबणार आणि मागे खुर्चीत बसून लवूनाना शंका काढणार.

“शीन... बे... काफ...” भाभी एकेक अक्षर लावू लागल्या. “शबक? शिबक?”

“शबका!” फारुकभाई ओरडले. “जाळं!”

“कसलं जाळं?” मी बोट बटणावर ठेवून विचारलं.

“मासे धरायचं. तिकडे दर्यावरचे लोक शबका म्हणायचे.”

“टीव्हीत मासे धरायचं जाळं कशाला?” लवूनाना म्हणाले. “बुरोंडीच्या कोळ्यांना पाठवायचा होता काय सेट?”

स्वयंपाकघराच्या दारातून दीपाली म्हणाली, “जाळं म्हणजे नेट. इंटरनेट विचारत असेल.”

फारुकभाईंनी असं बघितलं, जसं काही अरबांनी हा शब्द दीपालीला विचारूनच घेतला. इंटरनेट जोडलं. पुढचं पान आलं.

“दाल... वाव... लाम...”

“दौला! देश! मुल्क!” फारुकभाई आता फॉर्मात आले होते. “हेच पाहिजे. खाली जा, खाली जा!”

मी खाली जात राहिलो. जगात इतके देश आहेत आणि सगळे अरबीत सारखेच दिसतात, हे मला त्या दिवशी समजलं. भाभी पडद्याला नाक लावून एकेक नाव सोडून देत होत्या. मधेच फारुकभाई ‘हा बघितलाय’, ‘इथे विमान बदललं होतं’ असं सांगत होते. आणि अचानक भाभींनी टाळी वाजवली. “हिंद! अल हिंद! थांबा!”

मी बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजी आलं. आमच्या हॉलमध्ये एखादा जलदुर्ग सर झाल्यासारखा आवाज उठला. दीपालीनं सगळ्यांना चहा दिला. फारुकभाईंनी टीव्हीवरून हात फिरवला आणि कौतुकानं म्हणाले, “आला बिचारा घरी.”

नंतर ॲपच्या दुकानात गेलो. ‘घरोबा’ लिहिलं. एकेक अक्षर रिमोटनं शोधत लिहिणं म्हणजे परातभर तांदळातले खडे निवडणं. पण ॲप दिसलं! निळं चित्र, त्यावर घराचं छप्पर. मी बटण दाबलं.

‘हे ॲप तुमच्या टीव्हीला चालत नाही.’

आधी आमचा भाग लायक नव्हता. आता टीव्ही. पुढची पायरी कोणाची, हे उघडच होतं.

टीव्हीचं सॉफ्टवेअर जुनं होतं. ते नवं करायला घेतलं तर अर्ध्यात लाईट गेली. पुन्हा घेतलं तर ‘नवीन काही नाही’ असं टीव्हीनं कळवलं. शनिवारी मनस्वीचा फोन आला. सगळं ऐकून ती म्हणाली, “बाबा, एवढं कशाला? आईच्या मोबाईलवर ॲप आहे ना? मोबाईलमधलं चित्र जसंच्या तसं टीव्हीवर टाकता येतं. टीव्हीत ॲप लागतच नाही.”

“हे तेव्हाच नाही सांगता आलं?”

“तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही विचारलंत, ओमानमधला टीव्ही भारतात कसा आणायचा.”

तिनं समजावलेल्या दोन-तीन बटणांची कृती पाठ केली, पण मनातून ती मला पटली नव्हती. एवढा मोठा टीव्ही असून मोबाईलकडून चित्र उसनं घ्यायचं, हे काही शोभणारं नव्हतं. रविवारी दुपारपर्यंत मी टीव्हीला सरळ मार्गावर आणायचे सगळे उपाय केले. दीपाली दोनदा येऊन म्हणाली, “अहो, नसेल होत तर सांगा ना सगळ्यांना, की नाही लागत. आपण दोघं नंतर बघू.” मला वाटलं, तिला संकोच वाटतोय. म्हणून मी आणखी जोमानं कामाला लागलो.

संध्याकाळी गल्ली आली. सतरंज्या कमी पडल्या. लवूनाना अगदी पुढे, गोदूबाई खुर्चीत, फारुकभाई सासऱ्याच्या ऐटीत मधोमध, हातात रिमोट. दीपालीनं नवी साडी नेसली होती, कारण साबेराभाभींनी तिला नेसायला लावली. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आतून नारळाच्या रसाचा वास येत होता.

मी टीव्हीशेजारी स्टुलावर चढलो. राऊटर देव्हाऱ्यावरून काढून आता टीव्हीच्या डोक्यावर आणला होता, जवळ बरा म्हणून. एका हातानं तो घसरू नये म्हणून धरला, दुसऱ्या हातात दीपालीचा मोबाईल. मनस्वीनं सांगितलेलं पहिलं बटण दाबलं. मोबाईल टीव्हीला शोधू लागला. इतक्यात वरून एक निरोप घसरत आला. मनस्वीचा.

‘आई, बाबांना सांगितलंस ना? मी आत्ता पुन्हा बघितला. तुझं सगळं कापलंय. फक्त एकदा हात दिसतो. रडू नकोस गं.’

मी दाराकडे बघितलं. दीपाली टीव्हीकडे बघत नव्हती, खाली फरशीकडे बघत होती. तिनं तो भाग सकाळीच मोबाईलवर बघितला होता. सकाळी तिचे डोळे लाल दिसले म्हणून मी विचारलं होतं, तर म्हणाली, कांदा चिरला. खापरोळ्यांत कांदा नसतो, हे मला स्टुलावर उभं असताना सुचलं.

आणि त्याच क्षणी टीव्ही लागला.

काय लागला म्हणून सांगू! स्वच्छ, झळझळीत, अडखळणं नाही, फिरणारं चक्र नाही. ‘चव आमच्या दारची’ अशी अक्षरं भिंतभर उमटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फारुकभाई उभे राहून म्हणाले, “बोललो नव्हतो? टीव्हीत खोट नाय!”

मी मोबाईलवरचं बटण दाबलं. चित्र गेलं आणि आपोआप परत आलं. पुन्हा दाबलं. ‘आपल्याला खात्री आहे का?’ असं मोबाईलनं विचारलं, मी ‘हो’ म्हटलं, त्यानं आवाज वाढवला. सबंध आठवडा न चाललेला टीव्ही आता काही केल्या थांबेना.

“हात लावू नका हो!” लवूनाना ओरडले. “चाललंय ते चालू द्या!”

“फारुकभाई, रिमोट जरा...”

“कशाला? मस्त दिसतंय!”

पडद्यावर एक गोरी, हसरी बाई आली आणि आपलं गाव सांगू लागली. मग दुसरी आली. गोदूबाई म्हणाल्या, “ह्या भवान्या कोण? आपली कधी येणार?” सगळे पुढे सरकले. दीपालीनं पदर मुठीत धरला होता.

मी खाली बघितलं. टीव्हीची वायर कपाटामागून जाऊन कोपऱ्यातल्या प्लगला भिडत होती. मी स्टुलावरून पाय काढला, तो कपाटामागे नेऊन वायरीत अडकवला आणि मनात देवाचं नाव घेऊन ओढला.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही. प्लग निघाला, स्टूल गेलं, त्याच्यामागून मी गेलो, आणि सगळ्यात शेवटी राऊटर माझ्या टकलावर येऊन बसला. पडदा काळा झाला. सगळी गल्ली हसली. लहान मुलं तर लोळली. आमच्या खात्यात ज्याच्या सहीशिवाय कागद हलत नसे, तो माणूस फरशीवर उताणा पडला होता.

“गेला टीव्ही,” मी पडल्यापडल्या जाहीर केलं. “वायर पायात आली. जळला बहुतेक.”

“अर्थिंग!” लवूनाना म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

फारुकभाई हसत नव्हते. ते समोर, मधोमध बसले होते. माझा पाय कुठून कुठे गेला ते त्यांना सरळ दिसलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, प्लगकडे बघितलं. मग दारातल्या दीपालीकडे. कपाळावर आठ्या आल्या आणि गेल्या. त्यांनी रिमोट हळूच सतरंजीवर ठेवला.

“टीव्हीच जुना झालाय,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “तिकडचा माल. भरवसा नाय त्याचा.”

हे वाक्य त्या माणसाच्या तोंडून निघायला किती जड गेलं असेल, ते मला माहीत आहे.

“मग आता काय, उपाशी घरी जायचं?” गोदूबाईंनी काठी आपटली. “टीवीत कुठं वास येतो? आण गो ताटल्या हिकडं.”

दीपालीनं ताटल्या आणल्या. साबेराभाभी वाढायला उठल्या. जाळीदार खापरोळ्या, वर वेलचीचा पिवळसर रस. बोलणं थांबलं. नुसतं भुरकण्याचे आवाज. मधेच लवूनानांना आठवलं.

“पण पावसकर, नंबर कोणाचा आला?”

“कळलं असतं,” मी गुडघा चोळत म्हटलं, “टीव्ही टिकला असता तर.”

“कोणाचा म्हणजे?” गोदूबाई भरल्या तोंडानं म्हणाल्या. “हिचाच.”

आणि ताटली पुढे केली.

सगळे गेले. दीपाली मलमाची ट्यूब घेऊन माझ्यासमोर बसली आणि गुडघ्याला लावू लागली.

“वायर पायात आली म्हणे.”

“हो ना.”

“ती कपाटाच्या मागून जाते.”

“माझा पाय लांब आहे.”

ती हसली. मग तिचे डोळे भरले, मग पुन्हा हसली. “सकाळपासून देवाला सांगत होते, ह्यांचा टीव्ही लागू देऊ नकोस म्हणून,” ती म्हणाली. “देव ऐकत नव्हता. मुंबईला किती बोलले होते हो मी! आईचं सांगितलं, तव्याचं सांगितलं. एक शब्द ठेवला नाही.”

मी तिच्या हातातली ट्यूब घेऊन उगाच तिचं झाकण लावत बसलो.

थोड्या वेळानं ती उठली, कोपऱ्यात गेली आणि प्लग परत लावला. “बघू या,” ती म्हणाली. “आता बघायला काही वाटत नाही. आणि फारुकभाईंना हाक मारा. त्या दोघांना बोलवा. मघाशी त्यांचं तोंड बघवत नव्हतं.”

ते दोघे आले. फारुकभाई टीव्हीकडे न बघता बसले. मोबाईल जोडला, चित्र आलं, बायका आल्या, गेल्या. आणि मग कुणाच्या तरी बोलण्यामागून एक हात पुढे आला. बिडाच्या तव्यावर पीठ ओतणारा. धार गोल फिरली, जिथून सुरू झाली तिथे येऊन मिळाली, आणि कडेला एक थेंबही सांडला नाही. मनगटावर वाफेनं भाजल्याचा जुना डाग. मी मोबाईलवर बोट ठेवलं आणि चित्र थांबलं. तो हात आमच्या कपाटाच्या दाराहून मोठा होता.

“या अल्ला,” साबेराभाभी म्हणाल्या, “हा तर आपल्या दीपालीचा हात!”

दीपालीनं स्वतःचा हात वर करून पडद्याशेजारी धरला आणि दोन्हीकडे आळीपाळीनं बघत राहिली.

फारुकभाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग खुर्ची हळूच पुढे ओढून मला कोपरानं ढोसलं.

“कलर बघा, पावसकर,” ते म्हणाले. “नुसता कलर बघा.”